पाइप्सीकाठी, अपडेटनंतर

रात्रीतून अकराही संगणक नवे झाले.
सकाळी कुलूप काढलं, बुटांवरचा बर्फ झटकला
आणि पाहिलं: ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात
एक चांदणी येऊन बसलीये, मोहरीएवढी.
कुणी बसवली, कुणाला विचारून,
कुठंच लिहिलेलं नाही.
"मी मदत करू?" ती म्हणाली.
माझा अजून चहासुद्धा व्हायचा होता.

मुस्तवेचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या,
नोंदवहीत नसलेलं एक मांजर
आणि तळ्याकडची खिडकी.
हिवाळ्यात लोक इथं पुस्तकांसाठी कमी,
बर्फाची नोटीस वाचायला जास्त येतात.
नोटीस एस्टोनियनमध्ये. सावाती रशियन.
चौऱ्याहत्तर वर्षांत त्याला आमच्या भाषेतली
माशांची नावं तेवढी आली, आणि आभार.
म्हणून दर गुरुवारी मी वाचायची, तो ऐकायचा,
त्याच्या दाढीतलं हिव माझ्या टेबलावर वितळायचं.

आज त्यानं चांदणी दाबली.
तीन ओळी आल्या, अगदी त्याच्या भाषेत:
बर्फ जाड आहे.
चालायला हरकत नाही.
दिवस चांगला जावो.
तो उठला. टोपी कानांवर ओढली.
मी पान खाली सरकवत नेलं,
तक्त्याच्या, शिक्क्याच्या, फोन नंबरच्याही खाली,
तिथं मुंगीच्या अक्षरात:
ओढ्याच्या मुखाशी बर्फ बोटभर.
रोवलेल्या फांद्यांपलीकडे जाऊ नये.

"बघ!" मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं.
"खिडकीनं खिडकीसारखं असावं.
बाहेर काय आहे ते काचच सांगायला लागली
तर भिंत काय वाईट होती?"

"मायरे, हळू," कोपऱ्यातून लुकेर्या म्हणाली.
तिच्या डोळ्यांत धुकं उतरलं त्याला सहा वर्षं झाली.
कानांवर हेडफोन, मांडीवर कांद्यांची पिशवी,
चांदणी तिला नातवाच्या शाळेचं पान वाचून दाखवत होती,
सहलीचा खर्च, डब्यात काय आणू नये, सगळं.
"आज पहिल्यांदा मी कुणाला उठवलं नाही.
तू चांगली आहेस गं. पण दुसऱ्याच्या ओंजळीनं
पाणी पिऊन पिऊन
ओठांना तुझ्याच हाताचा वास लागलाय."

मी गप्प.

मागल्या शरदात तिच्या नवऱ्याचं
दवाखान्यातून आलेलं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं.
एक वाक्य गाळलं.
तिला सोसणार नाही, असं माझं मीच ठरवून.
म्हणजे सारांश मीही करत होते,
आणि माझं बटण कुठून बंद करायचं
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी सेटिंग्ज उघडल्या.
एका दारात दुसरं, दुसऱ्यात तिसरं,
पाचव्याच्या आत तो स्विच,
जणू मला तो सापडू नये अशीच कुणाची इच्छा.
दहा संगणकांवर बंद केला.
शेजारी कागद चिकटवला, दोन्ही भाषांत:
हवी असेल तर अशी सुरू करा.
पाचही दारं पेन्सिलीनं काढली, वाकडीतिकडी.
अकरावा, लुकेर्याचा, तसाच ठेवला.

बरोबर केलं का, ठाऊक नाही.
आत कुणीही यावं, शहाणं यावं, कामाचं यावं,
फक्त आधी कडी वाजवावी, एवढंच वाटलं.
आणि ते वाक्य,
ते अजून माझ्याकडेच आहे.
पुढच्या गुरुवारी. किंवा उद्याच.

खिडकीबाहेर सावाती तळ्यावर उतरलाय.
नोटीस ऐकली, चांदणी ऐकली, मलाही ऐकलं,
आता पुढं पहार आपटत चाललाय.
ठक्.
थांबतो, मान तिरकी करतो.
मग एक पाऊल.
ठक्.