दिसंल तिथं

सहा वर्षं आम्ही त्या डोंगराकडं बघत होतो,
मी आणि खाजा, उदगीरात,
त्याच्या मामाच्या झेरॉक्स दुकानात, मशीनच्या मागं.
आमच्याकडं चढायला किल्ल्याचा बुरूज,
तो पाचवीतच संपला.
हा मात्र ट्रेलरमधला, शिखरावर निळा दिवा.
'दिसंल तिथं जाता येईल,' म्हणाले होते ते.
दिवा कुणी लावला असेल,
खाजानं वहीत सतरा कारणं लिहिली.

एकशे दहा जीबी. नऊ रात्री.
दोनदा लाईट गेली, टक्के टिकले.

मग नावाडी.
कुठल्याही घाटावर तोच, तेच वाक्य:
'वारा आज बरा नाही, वाटसरू.'
घोडा भिंतीत अडकला तेव्हा आम्ही हसलो.
डोंगराखाली कुणी बोललं नाही.
हवेलाच काच होती,
पुढं नुसतं चित्र.

खाजानं त्याच रात्री गेम उडवला.
वही रद्दीत गेली नाही पण,
लॅमिनेशनच्या कागदांखाली आहे, मी पाहिलीय.

मी अजून जातो अधूनमधून,
डोंगराकडं नाही,
घाटावर उभा राहतो.
नावाड्याची बाकीची वाक्यं
लिहायची राहिली असतील कुणाची तरी,
महिनाअखेर आली असेल.
'वारा आज बरा नाही,' तो म्हणतो.
व्हय, मी म्हणतो.
नाहीच.