पाणी द्या यांना

रविवारी सकाळी दहाला मेळावा,
हडपसरला, गाडीतळाच्या मागे,
टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये.
मुलांच्या फायलींना तीन कपाटं.
मुलींच्या एका पिशवीत मावतात,
ती दाराच्या खिळ्याला.

मी फी घेते, पावती फाडते,
फोटोच्या मागे नंबर टाकते.
वय? छत्तीस.
'चौतीस लिहा की हो.'
लिहिते.
अपेक्षा?

पूर्वी हा रकाना पुरायचा नाही.
गोरी, उंच, चष्मा नको,
पोळ्या मऊ, बोलणं त्याहून मऊ.
समास ओलांडून अक्षरं कागदाच्या कडेला चढायची.
आता जातीपुढे 'चालेल',
शिक्षणापुढे 'चालेल',
घटस्फोटापुढे, जरा थांबून, 'चालेल'.
गेल्या महिन्यात फुरसुंगीचे एक गृहस्थ
पेनाचं टोपण चावत बसले बराच वेळ
आणि एकच शब्द लिहून उठले:
मुलगी.

याच्या आधी मी दुसरीकडे होते.
सातारा रस्ता, पहिला मजला,
निळे पडदे, आत सोनोग्राफीचं मशीन.
दारावर पाटी, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
ती रोज ओल्या फडक्यानं पुसायची, हे माझं काम.
डॉक्टर कायद्याला धरून होते,
तोंडानं काही सांगत नसत.
आतून नुसती हाक यायची,
'सिस्टर, चहा सांगा यांना.'
नाहीतर,
'पाणी द्या यांना.'

मी सिस्टर नव्हते. बारावी नापास,
पगार साडेचारशे.
चहा खालच्या टपरीवरून यायचा.
पाणी मी द्यायचे.

तपासणीसाठी म्हणून
आधीच तांब्याभर पाणी पिऊन आलेल्या बायका,
त्यांना पुन्हा पाणी.
तहान कुणालाच नसायची.
पेला कुणाच्या हातात द्यायचा
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
बहुतेक वेळा सासूच हात पुढे करायची.

संध्याकाळी पेले विसळून
मोरीच्या कट्ट्यावर पालथे घालायचे.
मोजायचे नाहीत.
एवढं एक मी पाळलं.
एका श्रावणात कट्टा पुरला नाही,
तेव्हा खिडकीत ठेवले.

आज मांजरीच्या मंगल उंद्रे आल्या.
मुलगा तेजस, तेहतिशीचा,
खुर्चीत गुडघा हलवत.
जमीन गेली त्याचे दोन फ्लॅट,
पांढरी गाडी, सोसायटीत जिम.
पोरगी दाखवतो म्हणून दलालानं नेलेले तीन लाख
त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितले,
जसं घरातलं आजारपण सांगतात.

भाऊ? नाहीत.
बहिणी?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
माझ्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे,
तेव्हाही होता.

'तुम्हीच लिहा,' म्हणाल्या.
'आकडा तुम्हाला ठाऊक आहे.'

नव्हता ठाऊक.
मी मोजत नव्हते ना.
हे सांगायला तोंड उघडलं
तर घसा कोरडा पडलेला,
खोकलाच आला नुसता.
बाईंच्याही कपाळावर घाम.

तेजस उठला.
कोपऱ्यातल्या जारचा नळ दाबून
कागदाचे दोन पेले भरले त्यानं
आणि हॉलभर मांडलेल्या खुर्च्यांमधून,
बसलेल्या सगळ्या पोरांच्या देखत
आला खाली मान घालून,
सांडू नये म्हणून पेल्यांकडेच बघत,
पावलं जपून टाकत.
बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे
कुणी यावं, तसा.

'घ्या,' म्हणाला.

मी घेतलं. प्यायले.
रकाना तसाच ठेवून नंबर टाकला, दोनशे बारा.

बाई प्यायल्या नाहीत.
पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या
कागद मऊ पडेपर्यंत.