दोन सूत

लडकू भोईर उत्तरशिवहून आला,
शिळफाट्याच्या कंटेनरांमधून वाट काढत,
ट्रॅक्टरच्या मागे लेव्हलरचा पाटा उचलून धरलेला.
म्हणाला, "धोंडा लागला शेतान. बास."

मी पाट्याभोवती फिरलो.
डावं टोक अडीच इंच आत.
चॅनल पिळलेला नाही, नुसता वाकलाय.
आणि घडीत, नखाने खरवडल्यावर,
आकाशी रंगाची एक खपली.
उत्तरशिवच्या शेतात आकाशी धोंडा
मी तरी पाहिलेला नाही.
विचारलं नाही.
लोखंड सांगतं तेवढं ऐकायचं,
वर आपलं जोडायचं नाही.

त्याचा पोरगा ट्रॅक्टरवरच बसून राहिला.
उजव्या पंजाला फडकं.

झुबेर घण घेऊन पुढे झाला. नवा आहे,
त्याला वाटतं वाकलेल्याला मारायचंच असतं.
म्हटलं, ठेव. शटर अर्धं ओढ.
उन्हात लोखंड आपला रंग लपवतं,
करडं समजून हात लावावा
तर कातडी तिथेच राहते.

फुगवट्याच्या अंगाला खडूने त्रिकोण काढला.
टोक आत, पाया बाहेर.
कळंबोलीला बलकारसिंगच्या हाताखाली होतो तेव्हा
तो याला समोसा म्हणायचा,
आणि समोसा खायचा टोकाकडून,
एकदा पुढे गेलास की मागे बघायचं नाही.

गॅस पेटवला. टोकापासून नागमोडी, हळू.
आधी निळसर झाक, मग काळपट,
मग शटरच्या सावलीत
पिकल्या रातांब्याचा लाल.
तिथे थांबायचं. पिवळं दिसलं तर
त्या लोखंडात राम राहत नाही.

आणि पाटा आणखी वाकला.

दोरीपासून पावणेतीन इंच. तीन.
लडकू स्टुलावरून उठलाच,
"आजून वाकतंय नं रं! काय करतंस?"
याच जागी सगळे उठतात.
बलकारसिंगपुढे मीही उठलो होतो.

झुबेरने पाण्याची बादली उचलली.
तेवढ्याला मात्र मी ओरडलो.
पाणी मारलेलं लोखंड तिथल्या तिथे ताठ होतं,
आणि पुढच्या धोंड्याला काचेसारखं तडकतं.
बादली खाली. गॅस बंद.

यानंतर काही करायचं नसतं.

तापलेली जागा पसरू बघते,
शेजारचं थंड लोखंड तिला पसरू देत नाही,
ती आतल्या आत दाटते,
आणि निवताना अख्ख्या पाट्याला
स्वतःकडे ओढून घेते.
हे लडकूला सांगितलं असतं, पण चहा आला.

टिक.
थोड्या वेळाने पुन्हा टिक.
कपाच्या कडेवर बोट फिरवत लडकू म्हणाला,
"कॉम्प्लेक्सचा गेट व्हता. शेतावरची वाट
बंद केलीन त्यांनी. ह्यो रातचा गेला पाटा लावून.
तीन दिस जाले, मी काय बोललो नाय त्याला."
मी दोरी पाहिली.
दोन इंच, एक सूत कमी.

दुसरा समोसा एक वीत सोडून. तिसरा त्याच्या पलीकडे.
दर वेळी आधी बिघडला, दर वेळी लडकू
थोडा कमी उठला.

दिवे लागले तेव्हा दोन सूत उरले होते.
तेवढे राहू देतो. मातीला पाव इंच कळत नाही,
आणि चौथ्यांदा तापवलं तर पाट्याला कळेल.

शेवटची दोरी धरायला दोघं लागतात.
झुबेर सिलिंडर आणायला गेलेला.
लडकूने इकडचं टोक धरलं,
दुसरं लोंबत होतं.
पोरगा उतरला. डाव्या हाताने उचललं.
दोघं पाट्याच्या दोन टोकांना,
मधे दहा फूट पांढरी दोरी, ढिली.

"ताणा," मी म्हटलं, आणि पट्टी घेऊन खाली बसलो.
"अजून."