मजुरी एकच

चढावर गाडी मरते, एवढंच मी सांगितलं.
सिमरोलच्या पुढे, भेरूघाटात,
मागून ट्रक दिवे मारतोय,
पाय पार तळाला टेकलाय
आणि ही आपली जपून, दमानं,
जिना चढणाऱ्या पेन्शनरासारखी.

अकील मिस्त्रीनं बॉनेटला हात लावला नाही.
गुड्डननं स्टीअरिंगखाली वायर खोचली,
लॅपटॉपचा पडदा पुसला बाहीनं.
"साहब, इंजन बहरा हो गया है।"

वीस वर्षं चालवतोय, सहा सिलिंडरची ही बया,
तिला कान आहेत हे मला ठाऊक नव्हतं.
दोन आहेत. जुन्या रुपयाएवढे, मधोमध भोक,
पोटात एक खडा, हादरला की वीज सोडणारा.
पेट्रोल अवेळी पेटलं, आत टकटक झाली
की हे ऐकतात, वर कळवतात,
मग ठिणगी घटकाभर थांबून पडते.

आणि कानच गेला तर?
"फिर वो हर बात पे डरती है।"
टकटक होतच असणार असं धरून चालते.
ठिणगी आधीच मागे. सगळंच मागे.

मी हसलो, जरा उशिरा.
हल्ली बहुतेक ठिकाणी मी जरा उशिरा हसतो.
कुमुद म्हणते, गाडीत तुम्ही बोलतच नाही.
ती डावीकडे बसते.

दोनातला एकच गेलाय ना, मग एकच बदल, मी म्हटलं.
अकीलनं माझ्याकडे पाहिलं;
फाल्गुनात डॉक्टर मुजुमदार बाईंनी पाहिलं होतं, तसंच.
कान बसवलेत सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या दरीत,
वर इनटेकचं अख्खं धूड,
ते उतरवायचं म्हणजे दिवस गेला.
"मजुरी एक ही लगेगी।
दूसरा छह महीने में गया, तो फिर यही सब खोलोगे?"

छोटी ग्वालटोलीत मिळाले नाहीत.
दिल्लीहून आले, नवव्या दिवशी,
एवढ्याशा डबीत, कापसात, कुणाचे दागिने असावेत तसे.

धूड उचललं आणि गुड्डन शिट्टी वाजवून थांबला.
दरीत घरटं.
बॉनेटखालचा फोम, शेंगांची टरफलं,
रतलामी शेवेच्या पुडीचा कोपरा,
लग्नपत्रिकेची पट्टी: 'दर्शनाभिलाषी',
पुढची नावं कुरतडलेली.
आणि वायर, तिचं तांबं उघडं,
उंदराच्या दातांच्या बारीक खुणा.
म्हणजे कान कदाचित धडधाकटच होता.
निरोप वाटेत खाल्ला गेला.

मी काही बोललो नाही. अकीलही नाही.
वायर नवी, कान नवे, दोन्ही.
बैठक त्यानं घासली, पुसली, परत घासली.
मी विचारलं, वॉशर?
"बीच में कुछ नहीं। न वॉशर, न ग्रीस।
लोहे से लोहा लगेगा, तब सुनेगा।"

मग मापाचा पाना. वीसवर लावलेला.
जास्त आवळला तर खडा चिरतो,
सैल राहिला तर नुसतं उभं राहायचं गर्दीत.
बरोबर वीसवर पाना खट् म्हणतो,
असं गुड्डन म्हणाला.
मला त्या क्षणी फक्त अकीलचं मनगट दिसलं,
किंचित दचकलेलं. दोनदा.

संध्याकाळी तेजाजीनगरच्या पुढे नेऊन आणली.
पाय टेकवला आणि ती निघाली, अशी निघाली
की मला माझीच लाज वाटली.

परत आल्यावर गुड्डन सर्व्हिसचं पुस्तक शोधत होता,
डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालून.
हाताला डबी लागली.
एवढीशी, आत कापूस नाही पण मखमल,
बॅटरीवरचं स्टिकर अजून तसंच.
"साहब, ये कौन सा सेन्सर है?"

मी म्हटलं, माझा आहे.
म्हटलं, फाल्गुनातच घेतला.
म्हटलं, दोन सांगितले होते, मी एकच घेतला.

अकील काहीतरी बोलला.
बहुधा मजुरीचं.
तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता.