नववा दगड

उपवासकाळातला पाचवा शुक्रवार.
गुंजीच्या पुढं डांबर संपतं तिथं टेम्पो थांबला
आणि आम्ही एकवीस जण उतरलो.
बाविसावा लोखंडी, दोन इंची पाइपचा,
मीच वेल्डिंग केलेला, उद्यमबागेत, रात्रपाळी संपल्यावर,
मालकाला न विचारता.

पेद्रूमामा म्हणतो खुरीस. आम्ही शाळेत शिकलो क्रूस.
नवे फादर धारवाडकडचे, ते म्हणतात शिलुबे.
खांद्याला तिन्ही सारखेच रुततात.

डोंगर तसा मोठा नाही.
गेल्या आठवड्यात कुणीतरी गवत पेटवलेलं,
राखेतून जांभा वर आलेला,
चपलेतून भाजतो.
काजूला बोंडं लागलीत. पोरं प्रार्थनेच्या मधेच वाकून उचलतात
आणि आंतोनेटबाई "हे आमच्या पित्या" न थांबवता
त्यांच्या पाठीत रपाटा घालतात.

चुन्यानं आकडे घातलेले चौदा दगड,
पेद्रूमामाच्या बापानं मांडलेले.
पहिल्याला शिक्षा, दुसऱ्याला ओझं,
तिसऱ्याला तो पडतो.
चौथ्याला आई भेटते. तिथं रोझालीन दरवर्षी
थोडी मागं राहते, चप्पल झाडत,
आणि आम्ही कुणी वळून बघत नाही.

पाचव्याला खांदा बदलायचा. मी पुढं झालो.
उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली
त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं होतील.
तीन बोटांत पाइप बसतो,
खरं घामानं निसटतो.
काय मागायचं ते मी घरूनच ठरवून आलेलो:
भरपाई. रकमेसकट.

आठव्यानंतर नववा नव्हता.
जमिनीवर तेवढाच चौकोन, ओला,
वाळवी धावत सुटलेली.
फादरांनी हातातला कागद पाहिला, परत पाहिला.
एकजण म्हणाला, दहावा करू. दुसरा म्हणाला, असं कसं.
तेवढ्यात पोरांना धूर दिसला.

गवळ्याची खोप. बाहेर चूल. चुलीला तीन दगड,
त्यातल्या एकावर धुरानं अर्धा खाल्लेला
पांढरा ९.
वर भात रटरटतोय.

"तुमचा व्हय?" ठकूबाई म्हणाली.
"मला काय ठाऊक. सपाट दिसला, आणला.
भात होऊ दे, मग न्या."

मग थांबलो. एकवीस माणसं
एका पातेल्याकडं बघत.
पेद्रूमामानं चुलीसमोरच गुडघे टेकले
आणि वाचायला सुरुवात केली, तो तिसऱ्यांदा पडतो,
धुरानं डोळे पुसत.
ठकूबाईनं पदर डोक्यावर घेतला, का ते तिलाच माहीत,
आणि पातेलं ढवळत राहिली.

नंतर तिनं कॅन उचलला. झरा खाली आहे, अर्धा तास.
मी ओंजळ पुढं केली.
बोटं नाहीत तिथून पाणी गळायला लागलं.
ती काही बोलली नाही आधी,
आपला तळवा माझ्या हाताखाली धरला,
फटीला लावून, घट्ट.
"सांडू नको बाबा," म्हणाली मग. "लांबून आणलंय."

मी प्यालो.

भात उतरवून तिनं चिमट्यानं दगड ढकलला: "न्या आता."
तापलेला होता. कुणी हात लावला नाही.
पेद्रूमामा म्हणाला, असू दे इथंच. पुढल्या वर्षी
वाट जरा डावीकडनं घेऊ.

वर टॉवर आहे मोबाइलचा, आणि वारा.
खाली मलप्रभा, कुणी धुऊन पिळून टाकलेल्या धोतरासारखी.
बाराव्याला सगळे गप्प झाले, तेराव्याला एक पोर शिंकलं.
चौदाव्याला फादर म्हणाले, आता ज्याचं त्यानं मनात मागा.
मी डोळे मिटले.
हाताखाली तो तळवा होता, बाकी काही आठवेना.
रक्कम तर नाहीच.

उतरताना क्रूस उलटा धरावा लागतो,
नाहीतर पायात येतो.

सोमवारी मालकाला पाइपचं सांगितलं.
त्यानं मान वर न करता विचारलं, किती फूट?
म्हटलं, साडेनऊ.
त्यानं वहीत लिहिलं.
भरपाईचं तो बोलला नाही. मीही,
त्या दिवशी.