खोटी शीर

कसबा बावड्यात, फुलावर आलेल्या कोथिंबिरीतून
काल हिला उचललं. तांदळाच्या कणीएवढी.
मधमाशीचा आव आणणारी माशी.

आता टाचणीवर, सूक्ष्मदर्शीखाली.
किल्लीचा पहिला प्रश्न सोपा: पंखात खोटी शीर आहे?
आहे. कुठून न निघालेली, कुठंच न टेकलेली,
नुसती सुरकुती,
आणि तिच्यावरूनच खरं घराणं ठरतं.

डोळ्यांवर लव? असेल तर चारकडे, नसेल तर अकराकडे.
आहे, पण पट्ट्यापट्ट्यांनी,
कुणी फणी फिरवून अर्ध्यावर सोडल्यासारखी.
चार.
पाठीवरच्या ढालीची कड दातेरी?
दिवा कलता करतो. दातेरी. नाही, धूळ.
ब्रशच्या एका केसानं पुसतो.
दातेरीच.

नदाफमामा दारात, हातात कुलपाची किल्ली:
"घावली का न्हाई अजून? साडेसहा झालं."
"शेवटच्या पायरीवर आलोय, मामा."

शेवटची पायरी:
नर असेल तर पोटाचं टोक उघडून पाहा.
मादीसाठी पुढं काही लिहिलेलंच नाही.

ही मादी. दोन डोळे कपाळावर भिडत नाहीत,
मधून काळी चकचकीत वाट जाते.
हे तर मला कालच, जाळीतच दिसलं होतं.

चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहितो
गाव, तारीख, कोथिंबीर, मादी.
नावाच्या जागी नुसता वंश, पुढं एक टिंब.

मामा दिवे मालवत येतात.
बावड्यात, शेजारच्या चवळीवर,
पानाच्या पाठीला चिकटून
तिची पोरं मावा खात असतील.