पॉइंट नऊ

तळाशीलच्या तोंडाबाहेर, सुकती लागल्यावर,
इंजिन लंगडायला लागलं.
दोन सिलिंडर, त्यातला खालचा मुका.
रॉकेलवर टाकलं की धाप, पेट्रोलवर घेतलं की खोकला,
आणि मग नुसतं पाणी,
फायबरच्या पोटाला थापट्या मारणारं.

पुतण्या, सुयोग, नाळीवर. बारावीला बसलाय,
जाळं ओढतो, इंजिनाकडे बघत नाही.
"फिलर दी," मी म्हटलं.
त्याने दिला, मी घेतला, लाटेने काढून घेतला.
"खंय गेलो?"
"खंय जातलो? खाली. कुर्ल्यांका मापूक."

प्लग गरम होता, पदराने धरून काढला.
काजळी बाळाच्या डोळ्यात घालावी इतकी ओली.
झाकणभर पेट्रोलात बुडवला,
पॉलिश पेपरची शेवटची चिंधी
त्या वाकड्या बोटाखालून
(आम्ही त्याला बोटच म्हणतो)
दोनदा ओढली. तिसऱ्यांदा नाही.
मधल्या दांड्यावर जोर द्यायचा नसतो.
चिनी मातीला चीर गेली
की ठिणगी वाट सोडून भलतीकडे जाते.

हे सासरे शिकवायचे, अंगणात पाटावर बसून,
चष्मा कपाळावर आणि प्लग डोळ्याशी.
"लागी असला तर ठिणगी आळशी.
लांब असला तर उडीच मारीत नाय.
पॉइंट नऊ. आठ नाय, धा नाय."
शिकवायचे ते मुलाला.
मी पेजेचं टोप घासत होते.
मुलगा आता दुबईत एसी बसवतो.
टोप घासणाऱ्या बाईचे कान मोकळे असतात.

पॉइंट नऊ. पण मोजू कशाने?
करवतीचं पातं कमी भरतं.
काडेपेटीचा पुठ्ठा भिजून फुगलेला.
अंधार इतका की खडक आता
दिसत नव्हते, ऐकू येत होते.

पोलक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड होतं,
मच्छीमारांना सरकारने दिलेलं, फोटोवालं.
फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेत
आणि खालच्या कडेला छापलंय:
व्यवसाय, मासे सुकवणे.
कड बोटाने चाचपली. पाऊण मिलिमीटर, केसभर जास्त.
सोसायटीची रॉकेलची पावती होती. एकदा दुमडली.
कार्ड अधिक पावती.
हिशोब तोंडी केला, बाजारात करते तसा,
गिऱ्हाईक घाईत असताना.

बोट वल्ह्याच्या दांड्यावर हलकं ठोकलं. जास्तच मिटलं.
स्क्रूड्रायव्हरने कडेने उचललं, श्वासाएवढं.
परत ठोकलं.
कार्ड जाईना.
परत उचललं.
मग गेलं, आणि जाताना जरासं अडलं,
ताज्या बांगड्याच्या पोटात सुरी अडते
तेवढंच.

सुयोगच्या हातातली बॅटरी थरथरत होती.
"काकी, देवाक आठव."
"तू आठव. माजे दोनय हात गुतलेत."

प्लग आधी हाताने फिरवला, पाना शेवटी, पाव वळसा.
दोरी एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा दोन्ही सिलिंडर एकदम बोलायला लागले,
एकमेकांचं वाक्य तोडत,
आणि खडक मागे राहिले, आपल्या आवाजासकट.

सर्जेकोटच्या जेटीवर पोलिसाने कार्ड मागितलं.
फोटोवर माझ्या अंगठ्याची काजळी,
आणि खालच्या कडेला काळा डाग,
बरोब्बर "सुकवणे"वर.
त्याने घासून पाहिलं. डाग पसरला.
"हे काय आहे?"
"पॉइंट नऊ," मी म्हटलं.
तो वहीत लिहून घ्यायला लागला.